इंजेक्शन शुगरचं असो की वजनाचं, सिरिंजवरचा आकडा आधी वाचा

कौंटरवाली (धागाकर्ती)

मी फार्मासिस्ट आहे, मिरजेला आमचं औषधांचं दुकान आहे. मार्च २०२६ मध्ये भारतात सेमाग्लुटाइडचं (शुगर आणि वजन उतरवायच्या इंजेक्शनातलं औषध; ओझेम्पिक आणि वेगोव्ही हे त्याचेच ब्रँड) पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं बाजारात आली, आणि तेव्हापासून काउंटरवर दोनच प्रश्न ऐकू येतात: "महिन्याला कितीला पडेल?" आणि "किती किलो उतरतील?" दोन्ही रास्त आहेत. पण किती ओढायचं आणि कशाने ओढायचं, हे कुणी विचारत नाही. औषध बरोबर, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर, तरीही पेशंट अत्यवस्थ, असं होतं ते बहुतेक इथेच.

आधी जुनं दुखणं घेते, इन्शुलिनचं. आपल्याकडे इन्शुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या) बहुतेक यू-४० असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनात बसणारं कार्ट्रिज यू-१००, एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लाल आणि केशरी सारखेच दिसतात, त्यात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं असतं.

समजा चिठ्ठीवर २० युनिट आहेत. यू-१०० चं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. उलट केलं, म्हणजे यू-४० चं औषध केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत घेतलं, तर जातात फक्त ८. पहिल्या प्रकारात माणूस पहाटे घामाने भिजून बेशुद्ध सापडतो. दुसऱ्यात शुगर ३०० च्या खाली यायचं नाव घेत नाही आणि सून म्हणते, "बाबा चोरून गोड खातात."

हे घडतं कसं? पेन बिघडतं, रात्रीची वेळ, घरात जुनी सिरिंज पडलेली असते. मग कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध ओढतात. हा उद्योग कधीही करू नका. ती वेळ येऊ नये म्हणून एक जादा पेन किंवा बॅकअप व्हायल घरात असावी, आणि त्या व्हायलला तिचीच सिरिंज रबरबँडने बांधून ठेवावी.

आता वजनाच्या इंजेक्शनांकडे. माउंजारो (आतलं औषध टिर्झेपटाइड) मार्च २०२५ मध्ये भारतात आलं ते व्हायलमध्ये. २.५ मिग्रॅची तेव्हा ३,५०० ला होती, ५ ची ४,३७५ ला. नंतर पेन आलं. व्हायलमध्ये औषध अर्धा मिली, एकदाच वापरायचं. अर्धा मिली म्हणजे लाल टोपीच्या सिरिंजवर २० ची रेघ आणि केशरीवर ५० ची. औषध तेच, डोस तोच, पण आकडे वेगळे. आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "२.५". मिग्रॅ म्हणजे औषधाचं वजन, मिली म्हणजे ओढायच्या पातळ औषधाचं माप, आणि युनिट हे इन्शुलिनचं माप. तीनही एकाच कागदावर आले की भले भले गडबडतात. म्हणून डॉक्टरांकडून मिग्रॅच्या शेजारी मिली लिहून घ्या, आणि पहिला डोस त्यांच्यासमोर किंवा सिस्टरसमोर टोचा.

अनुभव लिहा, प्रश्न विचारा. फक्त "मी किती घेऊ" हे इथे विचारू नका. ते सांगायला तुमचे रिपोर्ट समोर लागतात.

पेठकर

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. एक पुणेरी शंका: हा लाल-केशरी फरक दुकानदाराने सांगायला नको का? आमच्या कोपऱ्यावरचा "अठरा टक्के डिस्काउंट" एवढंच वाक्य बोलतो, तेही मोबाइलकडे बघत.

कौंटरवाली

@पेठकर, सांगायलाच हवा. सांगत नसेल तर दुकान बदला, अठरा टक्क्यांत काय काय वजा होतंय ते बघा. मी सिरिंज देताना व्हायलवरचं "४० आययू/मिली" (आययू म्हणजे युनिट) हे बोट ठेवून वाचून दाखवते. अर्धा मिनिट जातं. मागचं गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

ओहायोची_माई

आमच्या इथल्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं. अमेरिकेत इन्शुलिनच्या व्हायल यू-१०० असतात. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, भारतातून आणलेल्या व्हायल संपतात, मग मुलगा इथल्या दुकानातून व्हायल आणून देतो आणि बाबा सोबत आणलेल्या लाल टोपीच्या सिरिंजा वापरतात. झाला अडीचपट डोस. परत जातानाही तोच घोळ, इथून उरलेली व्हायल घेऊन जातात आणि साताऱ्यात लाल टोपी विकत घेतात. व्हायल बदलली की सिरिंज बदला, एवढं आई-बाबांच्या औषधांच्या डब्यावर लिहून चिकटवा.

दुसरं, मिग्रॅ-मिली-युनिटचा गोंधळ अडाणी लोकांचा असतो असं कुणी समजू नये. जुलै २०२४ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, खास इशारा काढला होता. फार्मसीत तयार करून दिलेल्या सेमाग्लुटाइडच्या व्हायलमधून लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध टोचून घेतलं, काहींना उलट्यांनी हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं. काही ठिकाणी तर डॉक्टर-नर्सनीच हिशेब चुकवला होता. कारण तेच, हातात इन्शुलिनची सिरिंज आणि डोस मिलिग्रॅममध्ये.

आणि हो, ते "क्लिक मोजणं", म्हणजे पेनावर डोस फिरवताना होणारी टकटक मोजणं. इथल्या भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तक्ते फिरतात, मोठ्या डोसचं पेन घ्यायचं आणि कमी क्लिक फिरवून दोन महिने पुरवायचं. ओझेम्पिकच्याच वेगवेगळ्या पेनांत ३ मिलीमध्ये २, ४ किंवा ८ मिग्रॅ औषध असतं. एका पेनाचा तक्ता दुसऱ्याला लावला की चौपट डोस जाऊ शकतो. आता भारतात इतक्या कंपन्या आल्यात, प्रत्येकाचं पेन वेगळं. तक्ता पाठवणाऱ्या मावशीला माझा नमस्कार सांगा आणि तक्ता डिलीट करा.

तात्या_पन्हाळकर

लै भारी लिव्हलंय. पण एक सांगतो, आमी एकच सुई आठवडाभर वापरतो, पेनाला तशीच लावून ठेवतो. पंधरा वर्सं झाली इन्शुलिनला, सेप्टिक बिप्टिक काय झालं न्हाई. नवी सुई रोज म्हंजे कंपनीचा धंदा.

कौंटरवाली

तात्या, रागावू नका, पण पोटावरून हात फिरवून बघा. आडवं झोपायचं, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, नेहमी जिथे टोचता तिथे. कातडीखाली जाडसर, रबरी गाठ लागते का?

तात्या_पन्हाळकर

लागती की. डाव्या बाजूला चांगली लिंबाएवढी हाय. तितं दुखत न्हाई म्हणून तितंच टोचतो.

कौंटरवाली

तिथे दुखत नाही हे खरं, आणि घोळही तिथेच आहे. एकाच जागी, बोथट सुईने टोचत राहिलं की चरबीची अशी गाठ होते. तिच्यातून इन्शुलिन रक्तात कधी उतरेल, किती उतरेल, काही नेम नाही. शुगर वाढते, डॉक्टर युनिट वाढवतात. मग एक दिवस तुम्ही मांडीत टोचता, तिथली जागा ताजी असते, आणि तेच वाढवलेले युनिट जोरात लागू होतात. जेवायच्या आधीच हातपाय थरथरतात. म्हणून गाठ सोडून टोचायला सुरुवात कराल तेव्हा आधी डॉक्टरांना गाठ दाखवा. युनिट कमी करावे लागतात. किती ते त्यांनी ठरवायचं, मी किंवा तुम्ही नाही.

सुई पेनाला लावून ठेवली की कार्ट्रिजमध्ये हवा शिरते आणि औषध गळतं. मग दाबल्यावर सगळे युनिट गेले की नाही कळत नाही. टोचून झालं की सुई काढायची. टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला का बघायचं. बटण पूर्ण दाबल्यावर सुई आत ठेवून सावकाश दहा अंक मोजायचे. बाहेर काढल्यावर कातडीवर ओघळ दिसला तर मोजणं घाईत झालं. सुई ४ मिमीची पुरते, जाडजूड माणसालाही, सरळ काटकोनात. बेंबीपासून दोन बोटं लांब आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकून.

दुधाळ दिसणारं मिक्स इन्शुलिन असेल तर तळहातांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा वरखाली करा. जोरात हलवू नका. तळाशी पांढरा गाळ राहिला तर रोजचा डोस रोज वेगळा जातो.

तात्या_पन्हाळकर

हे दहा मोजायचं कुणी सांगितलं नव्हतं बगा. मंगळवारी दाखवून येतो डॉक्टरास्नी.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते अन् लाइट बी जाते. मायचं इन्शुलिन कुठं ठेवाव? फ्रिज हाय, पण चार चार तास बंद राहाते. शेजारचा म्हणे फ्रीजरमधी ठेव, बर्फ झालं तरी वितळून वापर.

कौंटरवाली

शेजाऱ्याचं ऐकू नका, दादा. गोठलेलं इन्शुलिन किंवा सेमाग्लुटाइड, काहीही असो, वितळल्यावर पूर्वीसारखं दिसतं पण कामाचं राहत नाही. फेकून द्यायचं. फ्रीजरला चिकटून असलेला कप्पाही नको. न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात, डब्यात घालून.

चालू वापरातलं इन्शुलिन बहुतेक प्रकारांत चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. तुमच्याकडे मे महिन्यात घरातच ३८ असतं. तेव्हा माठ वापरा. इन्शुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, डबा माठात, माठाला ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल तिथे. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं म्हणून विदर्भ-मराठवाड्यात माठ चांगला गार होतो. रत्नागिरी-मुंबईवाल्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये, दमट हवेत माठ नावालाच गार असतो. लाइट गेल्यावर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चार तास बऱ्यापैकी थंडी धरून ठेवतो.

वजनाच्या इंजेक्शनांचे बाहेर ठेवायचे दिवस प्रत्येकाचे वेगळे आहेत. ओझेम्पिकचं चालू पेन ५६ दिवस, वेगोव्ही फ्रिजबाहेर २८ दिवस, माउंजारोची न उघडलेली व्हायल २१ दिवस, सगळी ३० अंशांच्या आतच. तुमचा ब्रँड दुसरा असेल तर त्याच्या खोक्यातला कागद वाचा. पेन उघडल्याची तारीख स्टिकरवर लिहून पेनालाच चिकटवा.

वऱ्हाडी_ठेचा

माठ तर घरीच हाय. आता त्यातलं पाणी कुठं ठेवाव हा नवा प्रॉब्लेम. (हलकं घ्या.)

स्लिमफिट_गुरू

[प्रतिसाद संपादकांनी काढला आहे. कारण: "इम्पोर्टेड पेप्टाइड पावडर, विना चिठ्ठी, होम डिलिव्हरी" अशी विक्रीची जाहिरात आणि फोन नंबर. अशी जाहिरात दिसल्यास कृपया कळवा.]

पेठकर

संपादकांचे आभार. आमच्या जिममधला ट्रेनरही हेच विकतो. छोट्या काचेच्या बाटलीत पांढरी पावडर, लेबलवर बारीक अक्षरांत "फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही". मी त्याला विचारलं, मग तू कोण, मानव की संशोधन? तेव्हापासून तो मला प्लँक जास्त वेळ करायला लावतो.

गमतीचा भाग सोडा. त्या पावडरीत पाणी घालायचं ते कसलं, किती, निर्जंतुक आहे का, आत खरंच काय आहे, कुणालाच माहीत नसतं. आणि खोट्या मालाचा प्रश्न ब्रँडेड पेनांतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये नकली ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत नकली बॅचेस सापडल्या होत्या. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो, तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. कुरिअरने गरम खोक्यात आलेलं पेन परत करा.

लेकीची_आई

थोडं वेगळं विचारते. मुलीचं डिसेंबरमध्ये लग्न आहे. शुगर वगैरे काही नाही, पीसीओडी आहे. उंचीच्या मानाने थोडी भरलेली, बीएमआय २४ येतो. तिच्या दोन मैत्रिणींनी हे इंजेक्शन घेऊन दहा दहा किलो कमी केलेत. लेहंगा शिवायला टाकलाय तो आधीच्या मापाने. तीन महिने घेतलं तर चालेल का? चिठ्ठी आमचे फॅमिली डॉक्टर देतील, ओळखीचे आहेत.

भूलथापा

नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे, नावावर जाऊ नका.

ताई, वजनासाठी ही औषधं मंजूर आहेत ती बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत डायबेटिस, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा काही आजार असेल तर. २४ ला ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तरी औषधाचे त्रास ओळख बघत नाहीत.

तीन महिन्यांचा हिशेबही जमत नाही. सेमाग्लुटाइड ०.२५ मिग्रॅने चालू करतात, चार आठवडे तोच डोस, मग ०.५, असं चढत जातात. सुरुवातीचा डोस पोटाला सवय व्हावी म्हणून असतो, वजन उतरवायला नसतो. मोठ्या अभ्यासात सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं ते ६८ आठवड्यांत, पूर्ण डोसवर. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. घाई करून डोस पटापट चढवणारेच उलट्या करत आमच्याकडे सलाइन लावायला येतात.

आणि लग्न आहे म्हणून स्पष्टच लिहितो. गर्भ राहण्याच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करायला हवं. पीसीओडीत वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस अनपेक्षित राहू शकतात. टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, घेताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दरवेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात. हे मुलीशी बोला, लेहंग्याशी नाही.

लेकीची_आई

बोलते. टेलरलाही फोन करते.

पेठकर

@लेकीची_आई, २४ म्हणजे "काहीच नाही" असंही नव्हे हं. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जादा वजन धरतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीवाला असतो, हे एका फोटोत. तेव्हा मुलीची शुगर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि कंबरेचा घेर तपासून घ्या. काही निघालं तर डॉक्टर ठरवतील, न निघालं तर लेहंगा उसवता येतो.

रेणुका७४

मी टाइप टू, दहा वर्षं गोळ्या, त्यानंतर टिर्झेपटाइड. वजन उतरलं, एचबीए१सी साडेआठवरून साडेसहावर आलं, मी खूश आहे. पण कुणी सांगत नाही त्या गोष्टी लिहिते.

पहिल्या दीड महिन्यात मोहरीची फोडणी तडतडली की मी गॅलरीत जायचे. नेहमीचं जेवण वाढून घेतलं की अर्ध्या पोळीत घास घशाशी यायचा. "ताटात टाकायचं नाही" या संस्काराने एकदा सगळं संपवलं आणि रात्रभर ओकले. आता लहान ताटली घेतली आहे. तळलेलं अजिबात सोसत नाही. पाणी आठवणीने प्यावं लागतं, तहानही कमी लागते. बद्धकोष्ठ झाला तो वेगळाच.

जेवण कमी झालं की पहिलं गायब होतं ते प्रोटीन. दोन घासांत पोट भरतं आणि ते दोन घास भाताचे असतात. आहारतज्ज्ञांनी सांगितलं, आधी उसळ, दही, पनीर किंवा अंडं, मग पोळीभात. नुसतं चालून उपयोग नाही, वजनं उचलायचे व्यायाम हवेत. चरबीबरोबर स्नायूही उतरतात आणि पन्नाशीनंतर ते सहजासहजी परत येत नाहीत.

आणि ग्लिमेपिराइड, माझी शुगरची जुनी गोळी! इंजेक्शन सुरू करताना डॉक्टरांनी ती गोळी अर्धी केली होती. घरच्यांना वाटलं, चिठ्ठीत चूक आहे. पूर्ण देत राहिले. एका दुपारी भाजी चिरता चिरता समोरची सुरी दोन दिसायला लागली, ग्लुकोमीटरवर ५२.

कौंटरवाली

@रेणुका७४ ने अगदी मोक्याचं लिहिलंय. ही नवी इंजेक्शनं एकटी असताना शुगर फारशी खाली पाडत नाहीत. सोबत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल तर पाडतात. म्हणून तुमच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ओतून दाखवा, दुसऱ्या डॉक्टरांच्या चालू असतील त्याही.

७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबा, परत मोजा. पेढा-बर्फी-चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. आणि गोळीच्या नावापुढे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर कामाला येत नाही, कारण ती फोडायचं कामच या गोळ्या रोखतात. त्यांनी ग्लुकोज पावडरचा डबा घरात ठेवायचा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

उलट बाजूची गफलतही होते. "नवं भारी इंजेक्शन चालू केलं, आता इन्शुलिन बंद" असं परस्पर ठरवणारे आहेत. ही इंजेक्शनं म्हणजे इन्शुलिन नाही. टाइप वनच्या मुलांचं (त्यांच्या अंगात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही) तर इन्शुलिन एक दिवसही थांबवायचं नसतं, उपास असो वा उलट्या.

भूलथापा

माझ्या धंद्याचं राहिलंच. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं. पेशंट रात्रीपासून उपाशी असतो, खरंच असतो, तरी पोटात काल रात्रीचा भात निघू शकतो. भूल दिल्यावर तो वर येऊन फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. ऑपरेशन असो की दुर्बीण घालून पोटाची तपासणी, भूलतज्ज्ञाला औषधाचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. "वजनाचं आहे, शुगरचं नाही" म्हणून लपवणारे लोक असतात, विशेषतः सोबत सासू बसलेली असेल तर. एकट्यात सांगा. परस्पर बंदही करू नका, कधी बंद करायचं की फक्त पातळ आहारावर राहायचं, ते आम्ही सांगतो.

वाट न बघता हॉस्पिटलात यायचं ते कधी: पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतंय, पाठीत कळ जातेय, उलट्या थांबत नाहीत, तेव्हा स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, तर पित्ताशय. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होतात. दिवसभर पाणीही टिकत नाही आणि लघवी कमी झाली तर किडनी. अचानक धूसर दिसायला लागलं तर डोळ्यांचे डॉक्टर, त्याच दिवशी. जुना डायबेटिस असेल तर सुरू करण्याआधीच रेटिना तपासून घ्या, शुगर झपाट्याने खाली आली की आधीपासून खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो. स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालेला असेल तर ही औषधं घ्यायचीच नाहीत.

हे वाचून घाबरून जाऊ नका. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी फार चांगली औषधं आहेत. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात, जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आणि हृदयविकार असलेल्या पण डायबेटिस नसलेल्या लोकांत, सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं.

घंटागाडी

मी नगरपालिकेत आरोग्य खात्यात आहे. सुया टोचून झाल्यावर तुम्ही त्या कुठे टाकता ते कुणी लिहिलं नाही. सांगतो. ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांत. आमच्या बाया हाताने कचरा वेगळा करतात. सुई टोचली की त्यांना हिपॅटायटिस-एचआयव्हीच्या तपासण्या, औषधं, आणि महिनोन्महिने घोर. नियमाने सुया हा वेगळा द्यायचा कचरा आहे. फिनेल किंवा साबणाच्या पाण्याची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुया त्यात टाका, पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टी मारा, मोठ्या अक्षरांत "सुया" लिहा आणि गाडीवर हातात द्या, सांगून द्या. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते.

कौंटरवाली

@घंटागाडी, आभार. आमच्या दुकानात आम्ही भरलेल्या बाटल्या परत घेतो आणि दवाखान्यांच्या कचऱ्याच्या गाडीत देतो. तुमच्या केमिस्टला किंवा लॅबला विचारून बघा.

मुलुंडकरीण

धागा वर काढतेय. माझं माउंजारो दर सोमवारी सकाळी ८ ला असतं. ह्या सोमवारी गावी होते, राहिलं. आज शुक्रवार, दुपारचे तीन वाजलेत. आत्ता घेऊ का? आणि पुढच्या सोमवारी डबल घ्यायचं का?

कौंटरवाली

डबल कधीच नाही. चुकलेलं माउंजारो चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत घेता येतं. तुमचे ९६ तास आज सकाळी ८ ला संपले. आज घेऊ नका, सोमवारी नेहमीचा डोस घ्या. ओझेम्पिक असतं तर पाच दिवसांपर्यंत चाललं असतं, आणि वेगोव्हीत पुढच्या डोसला ४८ तासांहून जास्त अवकाश असेल तरच चुकलेला घ्यायचा असतो. सलग दोन-तीन आठवडे चुकले तर मात्र आहे त्याच डोसवर परत सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन. बऱ्याचदा खालच्या डोसपासून चढावं लागतं.

गावाला जाताना पेन नेणार असाल तर बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका, मध्ये टॉवेल घाला.

मुलुंडकरीण

धन्यवाद. गणपतीला कोकणात जायचंय, एसटीने, दहा तास. पिशवी मांडीवर ठेवते.